आधी जीव वाचू दे, जेवणाचं नंतर बघू

बरेच दिवस इथे काही लिहिलं नव्हतं. आज लिहायला बसले आहे ती रागाने, हे आधीच सांगून टाकते. राग नातेवाइकांवर आहे, थोडा डॉक्टरांवर आणि थोडा माझ्यावरही.

झालं असं, की गेल्या रविवारी चुलतभावाच्या सासऱ्यांना बघायला गेले होते. आयसीयूत आहेत, व्हेंटिलेटरवर. तो त्यांचा पाचवा दिवस होता. बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आठ-दहा माणसं बसलेली. कुणी पोथी वाचतंय, कुणी फोनवर कुणाला तरी 'स्टेबल आहेत' सांगतंय, कोपऱ्यात डब्याची पिशवी. ऑक्सिजन किती, बीपी किती, लघवी किती झाली, सगळ्यांना सगळं पाठ. मी विचारलं, "नळीतून फीड किती जातंय?"

एकदम शांतता. जणू मी स्मशानात चहा मागितला.

मग घरातले सगळ्यात मोठे काका म्हणाले, "अगं, आधी जीव वाचू दे. जेवणाचं नंतर बघू. आणि सलाइन चालू आहे की!"

मी तिथे गप्प बसले. वयाने मोठे आहेत, प्रसंगही तसा नव्हता. पण घरी आल्यावर झोप लागेना. कारण हेच वाक्य, अगदी याच शब्दांत, नोव्हेंबर २०२२ मध्ये मी स्वतः म्हटलं होतं. बाबांच्या बाबतीत. दादाला, फोनवर. तेव्हा त्या काकांसकट सगळ्यांनी हे वाचावं म्हणून इथे लिहिते आहे. रागवा हवं तर, पण शेवटपर्यंत वाचा.

आधी ते सलाइनचं. आपल्याकडे सलाइन म्हणजे काय वाटतं लोकांना, देव जाणे. अशक्तपणा आला की 'एक बाटली लावून घ्या', की टवटवी! साधं नॉर्मल सलाइन म्हणजे मीठपाणी. त्यात कॅलरी शून्य. ग्लुकोजची पाच टक्क्यांची बाटली असते, तिच्यात शंभर मिलीला पाच ग्रॅम ग्लुकोज. म्हणजे अर्ध्या लिटरच्या अख्ख्या बाटलीत पंचवीस ग्रॅम, पाच-सहा चमचे साखर समजा. कॅलरी भरतात साधारण पंच्याऐंशी. एका लहान फुलक्याइतक्या. दिवसाला तीन बाटल्या चढवल्या तर तीन फुलके, तेही नुसत्या साखरेचे. प्रथिनं शून्य. तुमच्या माणसाच्या हाताला टपटप काहीतरी जातंय हे बघून तुमचं पोट भरतं, त्याचं नाही.

(एक गंमत सांगते. गुंगीसाठी प्रोपोफॉल नावाचं औषध देतात, ते दुधासारखं पांढरं असतं. आमच्या वॉर्डात एका बाई ते बघून समाधानाने म्हणाल्या होत्या, "बघा, दूध चालू केलं!" मला हसू आलं होतं. नंतर कळलं की बाई अगदीच चुकलेल्या नव्हत्या. ते औषध तेलाच्या मिश्रणात असतं आणि त्याच्या एका मिलीत एक कॅलरीहून थोडं जास्तच असतं. चांगला डाएटिशियन ते हिशेबात धरतो. पण ते जेवण नव्हे.)

आता बाबांची गोष्ट. जवळच्यांना माहीत आहे, बाकीच्यांसाठी थोडक्यात.

बाबा तेव्हा एकोणसत्तर वर्षांचे होते, वजन बासष्ट किलो. एसटीत हिशेब खात्यात नोकरी करून निवृत्त झालेले. मधुमेह आहे, पण ताब्यात. न्यूमोनिया झाला, दोन दिवसांत अंगभर पसरला आणि एका रात्री व्हेंटिलेटर लावावा लागला. हॉस्पिटलचं नाव लिहिणार नाही. तिथल्याच लोकांनी त्यांना वाचवलं, हे विसरून बोलले तर मी कृतघ्न ठरेन. पण वाचवलं म्हणून बाकीचं बोलायचंच नाही का?

बाबांना सवय होती, रोजचा खर्च डायरीत लिहायची. रिक्षाचे तीस रुपये, कोथिंबिरीचे दहा. ती डायरी मी घरून येताना उचलून आणली होती, फोन नंबर त्यात होते म्हणून. बाहेर बसून करायचं काय? सिस्टर आत सोडायच्या तेव्हा बेडच्या पायाशी लावलेला चार्ट बघायचे आणि त्यातले आकडे बाबांच्याच डायरीत उतरवायचे. कशासाठी, तेव्हा मलाही माहीत नव्हतं. हाताला चाळा.

पहिले दोन दिवस बीपी पार कोसळलेलं. ते वर ठेवणारं औषध मोठ्या डोसमध्ये चालू होतं. उशाशी पाटी: एनबीएम. म्हणजे तोंडाने (आणि नळीनेही) काही द्यायचं नाही. हे बरोबरच होतं, त्याबद्दल तक्रार नाही. बीपी असं पडलेलं असताना आतड्यांना रक्त कमी जातं. तेव्हा जबरदस्तीने अन्न ढकललं तर आतड्यालाच इजा होऊ शकते. फ्रान्समध्ये शॉकमधल्या चोवीसशे पेशंटवर एक मोठा अभ्यास झाला, २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नळीने अन्न दिलेल्यांमध्ये, शिरेतून दिलेल्यांपेक्षा आतड्याला रक्त कमी पडण्याचे प्रकार जास्त दिसले. थांबण्याला कारण असतं, मान्य.

पण तिसऱ्या दिवशी सकाळी औषध अगदी थोडं उरलं होतं. बीपी स्थिर. पाटी मात्र तशीच. चौथ्या दिवशीही तशीच. मी एका तरुण डॉक्टरला विचारलं तर म्हणाला, "पोटात आवाज नाहीये अजून." मी मान डोलावली. मला काय कळतं? पुढे वाचलं तेव्हा समजलं, की आतड्यांचा आवाज येईपर्यंत थांबायची गरज नाही हे अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या मार्गदर्शनात कितीतरी वर्षांपासून लिहिलेलं आहे. पेशंट स्थिर झाला की साधारण पहिल्या चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत नळीने थोडं थोडं सुरू करावं, असं अमेरिका आणि युरोप दोन्हीकडच्या संस्था सांगतात. आपल्याकडच्या क्रिटिकल केअरच्या डॉक्टरांच्या संस्थेनेही २०१८ मध्ये भारतातल्या परिस्थितीचा विचार करून मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. म्हणजे माहिती नाही असं नाही. पुस्तकात आहे. पाटीपर्यंत पोचत नाही.

त्या चौथ्या दिवशीच रात्री दादाने न्यू जर्सीहून फोन करून विचारलं, "काही खायला देतायत का त्यांना?" आणि मी त्याच्यावर खेकसले, की इथे जिवाची मारामार चालली आहे, तुला खाण्याचं सुचतंय! आधी जीव वाचू दे.

दादा, माफ कर. तू बरोबर होतास.

पाचव्या दिवशी डाएटिशियन आली. चांगली होती बिचारी. अख्ख्या हॉस्पिटलला ती एकटी. तिने हिशेब मांडला: वजनाच्या किलोमागे साधारण पंचवीस कॅलरी, म्हणजे दिवसाला १५०० धरू, आणि प्रथिनं ७५ ग्रॅम. एका मिलीला एक कॅलरी असलेलं तयार फीड, दिवसाला दीड लिटर. पण एकदम नाही, दोन-तीन दिवसांत वाढवत न्यायचं. उपाशी शरीरावर एकदम अन्नाचा मारा केला तर रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम घसरतं आणि त्यातून हृदयसुद्धा बंद पडू शकतं. दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेल्या उपाशी कैद्यांना पोटभर जेवण मिळाल्यावर त्यातले काही दगावले, तेव्हा हे जगाला नीट कळलं. तिने हे सगळं मला उभ्या उभ्या दहा मिनिटांत सांगितलं. अख्ख्या एकोणीस दिवसांत कुणीतरी मला बसवून, खरं म्हणजे उभं करून, काही समजावलं ते हेच.

आणि मग डायरीतले आकडे. हे मी जसेच्या तसे देते.

पाचवा दिवस ३०० मिली. सहावा ७००. चांगलं चाललं होतं. सातव्या दिवशी सकाळी दहाला सीटी स्कॅन, म्हणून मध्यरात्री बारापासून फीड बंद. सीटीचं मशीन आधी अपघाताच्या केसला गेलं (जायलाच हवं), मग कुणाला तरी, मग कुणाला तरी. बाबांचा नंबर संध्याकाळी पाचला. परत आल्यावर 'फीड सुरू करा' असं लिहायला कुणी नव्हतं, ते नऊला लिहिलं गेलं. एकवीस तास. त्या दिवशी एकूण २०० मिली. आठव्या दिवशी नळीतून मागे ओढून बघितलं तर १८० मिली निघालं, 'पचत नाहीये' म्हणून संध्याकाळपर्यंत बंद. ४०० मिली. नववा दिवस ९००, सगळ्यात चांगला. दहाव्या दिवशी गळ्याला भोक पाडून नळी बसवायची होती, ट्रॅकिओस्टमी. आदल्या रात्रीपासून बंद. सर्जन तातडीच्या ऑपरेशनमध्ये अडकले, उद्यावर गेलं. पुन्हा रात्रीपासून बंद. दहावा दिवस १००, अकरावा ३००.

बेरीज २९००. द्यायचे होते १०५००.

बरं, पहिल्या आठवड्यात पूर्ण द्यायचंच नसतं, सत्तर टक्के पुरे, हा युक्तिवाद मान्य करू. मग ७३५० व्हायला हवे होते. त्याच्याही निम्मे नाहीत. प्रथिनांचा हिशेब लावला तर दिवसाला जेमतेम वीस ग्रॅम. त्याआधीच्या चार दिवसांत तर काहीच नाही.

यातलं एकही कारण खोटं नव्हतं हे लक्षात घ्या. सीटी गरजेचा होता. सर्जन खरंच अडकले होते. कुणी आळस केला नाही. दोन-दोन, कधी तीन व्हेंटिलेटर सांभाळणाऱ्या त्या सिस्टर बारा-बारा तास खुर्चीला टेकत नव्हत्या. पण प्रत्येक वेळी सगळ्यात आधी बंद व्हायची गोष्ट आणि सगळ्यात शेवटी सुरू व्हायची गोष्ट एकच होती. अँटिबायोटिकचा डोस चुकला असता तर तिथे आरडाओरडा झाला असता. फीड चुकलं तर चार्टवर एक छोटी आडवी रेघ. बस.

आणि सातव्या दिवसाच्या पहाटेचं राहिलंच. बाबांना साखरेसाठी इन्सुलिन चालू होतं, पंपाने थेंब थेंब. मध्यरात्री फीड बंद केलं. इन्सुलिन बंद करायचं राहिलं. पोटात काही जात नाही आणि इन्सुलिन चालूच. शुद्धीतल्या माणसाला घाम फुटतो, हात थरथरतात, तो सांगतो तरी. गुंगीत ठेवलेला माणूस काय सांगणार? चार वाजता सिस्टरने बोट टोचून बघितलं तर साखर ४६. तिने धावत जाऊन ग्लुकोज दिलं म्हणून निभावलं. ती मुलगी वीस-बावीस वर्षांची असेल. तिने मला सकाळी स्वतःहून सांगितलं, लपवलं नाही. तिचे उपकार मी विसरणार नाही. पण तुम्हीच सांगा, 'जेवणाचं नंतर बघू' म्हणणाऱ्यांनो, ही गोष्ट जेवणाची की जिवाची?

आता जाणकार मंडळी टिपणी टाकतील त्याआधीच त्यांचा मुद्दा मीच मांडते. माझी आतेबहीण भूलतज्ज्ञ आहे. तिच्याशी यावरून कडाक्याचं भांडण झालं. ती म्हणाली, "तू वाचतेस ते सगळं वाच, सोयीचं तेवढं नको. पहिल्या आठवड्यात जास्त अन्न दिल्याने माणसं जास्त वाचतात असं काही सिद्ध झालेलं नाही."

वाचलं. तिचं खरं आहे. २०११ मध्ये बेल्जियममध्ये साडेचार हजारांवर पेशंट घेऊन बघितलं: नळीने पुरेसं जात नसेल तर लगेच शिरेतून अन्न देऊन भरपाई करायची, की आठवडाभर थांबायचं? थांबलेले लवकर बरे झाले. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला जवळजवळ चार हजार पेशंटवर पाहिलं, दीडपट कॅलरीचं फीड देऊन. मृत्यूच्या प्रमाणात फरक नाही. २०२३ मध्ये फ्रान्समध्ये शॉकमधल्या तीन हजारांवर पेशंटवर पाहिलं. पहिला आठवडा अगदी कमी अन्न दिलेले उलट आयसीयूतून बाहेर काढण्याच्या स्थितीला थोडे लवकर आले. त्याच वर्षी प्रथिनांवरचा एक मोठा अभ्यास आला, जास्त प्रथिनांनी फायदा दिसला नाही, मूत्रपिंडं बिघडलेल्यांना कदाचित त्रासच. आमची आजी ताप आला की लंघन करायला लावायची, ती काही अगदीच अडाणी नव्हती म्हणायची!

आणि स्नायू? २०१३ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी आयसीयूतल्या पेशंटच्या मांडीचा स्नायू सोनोग्राफीने मोजला. दहा दिवसांत त्याची जाडी (नेमकं म्हणायचं तर छेदाचं क्षेत्रफळ) सरासरी सतरा-अठरा टक्क्यांनी कमी झाली होती. अन्न देऊनसुद्धा. आजारच स्नायू खातो. तेव्हा बाबांचं वजन बासष्टचं एक्कावन्न झालं ते केवळ फीड चुकलं म्हणून, असं मी म्हणणार नाही. म्हणता येणार नाही.

मग माझी तक्रार काय?

तक्रार ही, की त्या सगळ्या अभ्यासांत ज्यांना कमी दिलं त्यांनाही मोजून दिलं होतं. कुणीतरी ठरवलं होतं, की याला इतकं, इतके दिवस. रोज लिहिलं जात होतं. लंघन म्हणजे ठरवून केलेली गोष्ट. आजी तिसऱ्या दिवशी पेज द्यायची, न विसरता, मऊ भात पाचव्या दिवशी. माझ्या बाबांचं लंघन कुणी ठरवलं नव्हतं. ते नुसतं झालं. डॉक्टरांना विचारलं असतं की 'पेशंटला कमी कॅलरीवर ठेवलंय का?', तर ते म्हणाले असते, 'नाही, दीड लिटर ऑर्डर आहे.' ऑर्डर होतीच! ऑर्डर कागदावर आणि नळीत आडवी रेघ, आणि दोन्ही एकाच चार्टवर, फक्त बेरीज मारायला कुणी नाही. शिवाय कमी अन्न देऊन पाहिलेले ते अभ्यास मुख्यतः पहिल्या आठवड्याचे. बाबा एकोणीस दिवस व्हेंटिलेटरवर होते. दुसऱ्या आठवड्यातल्या उपासाचं समर्थन त्यातला कुठलाच अभ्यास करत नाही.

आतेबहीण यावर गप्प बसली. मग म्हणाली, "आम्हाला हे शिकवलंच नाही गं फारसं. व्हेंटिलेटरवर महिने घालवले शिकताना. फीडवर एक लेक्चर झालं असेल." याला म्हणतात प्रामाणिक माणूस.

नळीतून मागे ओढून बघायचं, ते १८० मिलीचं. त्यावरही फ्रान्समध्येच (ही मंडळी या विषयात फारच पुढे) २०१३ मध्ये अभ्यास प्रसिद्ध झाला: जे अजिबात ओढून बघत नाहीत, त्यांच्या पेशंटना न्यूमोनिया जास्त होतो का? नाही झाला. अमेरिकन मार्गदर्शन सांगतं की रोज ओढून बघूच नका, आणि बघितलंत तरी दुसरं काही लक्षण नसेल तर ५०० मिलीच्या आत बंद करू नका. १८० म्हणजे एक मोठा पेला. जठरात एक पेलाभर काही असणं हा गुन्हा आहे का? गंमत अशी, की रायल्स ट्यूब ज्या रायल नावाच्या ब्रिटिश डॉक्टरची, त्याने ती जठरातला रस तपासायला बाहेर काढण्यासाठी बनवली होती. आत काही घालण्यासाठी नव्हे. नळीने आपला मूळ स्वभाव सोडलेला नाही!

कॅनडातल्या हेलंड नावाच्या डॉक्टरांनी एक साधी युक्ती काढली. तासाला इतकं, असं लिहायचं नाही. दिवसाला इतकं, असं लिहायचं. दुपारी सहा तास बंद राहिलं तर उरलेल्या वेळात वेग वाढवून कोटा पुरा करायचा, आणि हे करायची मोकळीक सिस्टरला द्यायची. त्याने जास्त माणसं वाचली असं सिद्ध झालं नाही, पण ठरवलेलं आणि दिलेलं यातलं अंतर कमी झालं. याला कुठलं मशीन लागतं? पेन लागतं.

आता आपल्या माणसांकडे येते. कारण डॉक्टरांना चार शब्द सुनावणं सोपं असतं, टाळ्या मिळतात.

आठव्या दिवशी 'पचत नाहीये' हे कळल्यावर आमच्याकडे युद्धपातळीवर स्वयंपाक सुरू झाला. काकूने थर्मासमधून मुगाचं कढण आणलं. कुणी शहाळ्याचं पाणी. मावशीने नाचणीची पेज, तूप घालून. आणि प्रत्येकीचं म्हणणं एकच, 'ती पावडर कसली देतात, घरचं द्या.' दहाव्या दिवशी रात्री एका मामांना आत भेटायला सोडलं, तर त्यांनी थोडी चिरीमिरी देऊन की गोड बोलून, कसं ते देव जाणे, ते कढण नळीतून घालून घेतलं! रात्रीपासून काही द्यायचं नाही, अशी पाटी डोक्यावर असताना. नळी तुंबली. नवी घालावी लागली, मग ती जागेवर आहे का याचा एक्स-रे, मग तो बघायला डॉक्टर. अकराव्या दिवशी ३०० मिलीच गेलं, त्यात त्या कढणाचाही वाटा आहे.

काकू, मामा, मी तुमच्या मायेवर शंका घेत नाही. पण कढण गाळलं की डाळ गाळणीत राहते आणि प्रथिनं डाळीबरोबर. नळीत जातं ते पिवळं पाणी. थर्मासमध्ये तीन तास कोमट राहिलेलं अन्न म्हणजे जंतूंची सोय, आणि ते ज्याच्या पोटात जाणार त्याच्यात लढायची ताकद उरलेली नाही. आपल्या संस्थेच्या त्या सूचनांतही घरगुती मिक्सरमधल्या फीडपेक्षा तयार फीड बरं असं म्हटलं आहे, ते यासाठीच. पावडर महाग असते हे खरं. आमच्या विमा कंपनीने तर ते डबे 'औषध नाही' म्हणून नाकारले. म्हणजे बघा, कंपनीलाही काकांसारखंच वाटतं: जेवणाचं नंतर बघू! ज्याला परवडत नाही त्याने हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात डाएटिशियनच्या देखरेखीखाली बनवलेलं दूध-अंड्याचं फीड मागावं. तेही मोजून देता येतं. पण स्वतःचा थर्मास घेऊन आत शिरू नये. आणि शहाळ्याच्या पाण्यात भरपूर पोटॅशियम असतं, मूत्रपिंडं थकलेल्या माणसाला ते विष ठरू शकतं. माया दाखवायची असेल तर त्या दारात उभं राहून प्रश्न विचारा.

काय विचारायचं? आम्ही बाराव्या दिवसापासून एकच विचारायला लागलो. सकाळच्या राउंडला. काल किती द्यायचं ठरलं होतं आणि प्रत्यक्षात किती गेलं? आज बंद ठेवणार असाल तर किती वाजेपर्यंत, आणि पुन्हा सुरू कोण करणार? फीड बंद असताना इन्सुलिनचं काय? पहिल्या दिवशी मोठे डॉक्टर वैतागले. दुसऱ्या दिवशी त्यांनी ड्यूटी डॉक्टरला विचारलं. तिसऱ्या दिवशी ड्यूटी डॉक्टर आमच्याआधीच आकडा घेऊन तयार होता. बाराव्या दिवसानंतर फीड एकदाही हजाराच्या खाली आलं नाही. मी काही फार हुशारी केली नाही, फक्त रोज तोच प्रश्न विचारणारी कटकटी बाई झाले. डॉक्टरांनी बदल केला हे त्यांच्या मोठेपणाचंच, नाहीतर 'तुम्ही डॉक्टर आहात का?' हे ऐकायची तयारी ठेवूनच गेले होते.

बाबा घरी आले तेव्हा चहाचा कप त्यांना एका हाताने उचलता येत नव्हता. दोन्ही हातांनी धरायचे आणि तरी बशीत सांडायचं. स्वतःच्या पायांनी संडासला जायला सहा आठवडे लागले. जिना पाच महिन्यांनी चढले. आता काठी घेऊन कोपऱ्यापर्यंत जाऊन येतात. 'जीव वाचला' म्हणजे काय, हे आयसीयूच्या दारात उभं असताना आपल्याला दिसत नाही. तो वाचलेला जीव पुढे कुणाच्या तरी आधाराने उठणार, बसणार असतो. तेव्हा त्याच्या मांडीत किती मांस उरलंय हा प्रश्न फार मोठा होतो.

डायरी त्यांना मी पुष्कळ दिवस दाखवली नव्हती. मग एकदा त्यांनाच सापडली. आपल्या अक्षरातल्या कोथिंबीर-रिक्षानंतर माझ्या अक्षरातले ते आकडे. चष्मा लावून सगळं बघितलं. मला वाटलं, आता काहीतरी भावुक होणार. तर म्हणाले, "रोजची बेरीज खाली मारत जावी. शेवटी एकदम मारून काय उपयोग?"

असो. हे सगळं रविवारी रात्री लिहायला घेतलं होतं, आणि मध्येच न राहवून चुलतभावाला फोन केला. त्याला म्हटलं, काकांना काही बोलू नकोस, पण तू उद्या सकाळी एवढा एक प्रश्न विचार. तो जरा नाखूश होता. सासऱ्यांचा मामला, आपण जावई, डॉक्टर काय म्हणतील वगैरे. सोमवारी दुपारी त्याचा फोन आला. ड्यूटी डॉक्टरने आधी चार्टची पानं मागे-पुढे केली, मग सिस्टरला विचारलं, मग मोबाइलवर बेरीज केली.

"किती?" मी विचारलं.

"सोळाशे ठरलेत," तो म्हणाला, "काल साडेचारशे गेले. परवाचं पान सापडत नाहीये, संध्याकाळी सांगतो म्हणाला."

संध्याकाळी पुन्हा विचार म्हटलंय.